मी विकलेली मुलगी

नोकरी संपल्यावर माणसाला लोक दोन प्रश्न विचारतात. पेन्शन सुरू झाली का, आणि वेळ कसा जातो. मला तिसराही विचारतात : "सिस्टर, एवढी बाळंतपणं केलीत, सगळ्यांत अवघड कुठलं?" विचारणाऱ्याला आडवं आलेलं मूल, जुळी, असलं काहीतरी ऐकायचं असतं. मी तसलं एखादं सांगते आणि चहा टाकायला उठते. खरं उत्तर चहाच्या कपात मावणारं नाही. माझं सगळ्यांत अवघड बाळंतपण तसं अगदी सोपं होतं. मूल सरळ आलं, लगेच रडलं, वार नीट पडली, एक टाकासुद्धा घालावा लागला नाही. त्यानंतर जे झालं त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही.

मी मूळची वाईची. नर्सिंग शिकले सांगलीत, आणि सत्तरच्या दशकात त्याच भागातल्या एका रुग्णालयात प्रसूतीच्या वॉर्डात लागले. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही आणि माणसांची नावं बदलली आहेत. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील.

लेबर रूम म्हणजे काहीतरी पांढरंशुभ्र आणि शांत असतं, अशी बाहेरच्यांची समजूत असते. आमच्याकडे दोन लोखंडी टेबलं होती, त्यांवर रबराच्या चादरी, कोपऱ्यात स्टोव्हवर उकळणाऱ्या कात्र्या आणि सगळीकडे फिनेलचा वास. शांतता नावालाही नाही. बाई आली की तिला नवऱ्याचं नाव विचारावं लागे. ती लाजून सोबतिणीकडे बघायची, सोबतीण तिसरीकडे बघायची, आणि आम्ही ताटकळत. पुढे कळा वाढल्या की तेच नाव चार शिव्यांसकट आपोआप बाहेर पडे. ओरडणाऱ्या बाईची मला कधी भीती वाटली नाही. ओरडते म्हणजे अंगात जोर आहे. भीती वाटायची ती गप्प असणारीची.

आमच्या कामात एक नियम फार कडक होता. मूल जन्माला आलं की ते आईसमोर धरायचं आणि म्हणायचं, "डोळे उघडून बघ, आणि काय झालं ते तोंडानं सांग." तिनं स्वतः 'मुलगा' किंवा 'मुलगी' म्हणायचं, आणि शेजारी उभ्या असलेल्या आयेनं ते ऐकायचं. उद्या कुणी 'आमचा मुलगा बदलला' म्हणून दारात येऊन बसायला नको. मला शिकवणाऱ्या सिस्टर तर म्हणायच्या, "आईच्या तोंडून निघेपर्यंत मूल तिचं नाही, आपलं आहे. सांभाळा." मला तेव्हा ते नुसतं धाक दाखवण्यापुरतं बोलणं वाटायचं.

शालन आली ती सकाळच्या पहिल्या एसटीनं, शिराळ्याच्या बाजूच्या एका गावाहून. उसाचं घर, नवरा पलटणीत. बरोबर सासू होती. सासूच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं की दवाखाना हे थेर तिला पसंत नाही. पण मुलगा सुट्टीवर आला तेव्हा बजावून गेला होता, या खेपेला दवाखान्यातच न्यायचं. म्हणून ती आली होती आणि व्हरांड्यात पाठ करून बसली होती.

शालनच्या कळा चांगल्या जोरात होत्या, पण तोंडातून हूं की चूं नाही. डोळे गच्च मिटलेले, पदराचं टोक दातांत आणि उजव्या हाताची मूठ आवळलेली. सलाईन लावायला मला तो हात हवा होता.

"मूठ उघड," मी म्हटलं.

तिनं मानेनंच नाही म्हटलं. बोटांच्या फटीतून फडक्याची पुरचुंडी दिसत होती. देवाचा अंगारा असेल म्हणून मी दुसऱ्या हाताला सुई लावली. अंगाऱ्यावरून बायकांशी भांडायचं नाही, एवढं मी तोवर शिकले होते. अंगारा कळांच्या आड येत नाही.

दोन कळांच्या मधे मी विचारलं, "कितवी खेप?"

"चौथी," डोळे न उघडता ती म्हणाली.

"पोरं घरी कुणाकडे?"

"न्हाईत. तिन्ही गेली."

"कशानं?"

"सा-सात दिस झालं की तोंड मिटायची, बाई. दूद वढायची न्हाईत. मग आंग आसं धनुष्यागत व्हायचं." तिनं पाठ उचलून दाखवली, आणि नेमकी त्याच वेळी कळ आली, त्यामुळे ती तशीच कमानीसारखी ताणून राहिली. मी आजवर खूप काही बघितलं आहे. पण पोटात चौथं मूल असताना आधीची तीन कशी मेली ते अंगानं दाखवणारी आई मी ती एकच पाहिली.

कळ ओसरल्यावर मी विचारलं, "नाळ कशानं कापायचे?"

"इळ्यानं. आत्याबाई कापत्यात." तिनं मानेनं बाहेर, सासूकडे खूण केली.

"आणि वर काय लावायचे?"

"शेणाची राख. समदीच लावत्यात."

मला एका क्षणात सगळं कळलं. धनुर्वात. विळ्यावरची माती आणि शेण यांतून तो कोवळ्या नाळेत शिरतो आणि दहा-बारा दिवसांत मूल घेऊन जातो. गावात त्याला 'सटवाईनं नेलं' म्हणतात. मी तिला समजावून सांगितलं. इथं कात्री उकळलेली असते, दोरा उकळलेला असतो, नाळेवर आम्ही स्वच्छ कपड्याशिवाय काही ठेवत नाही. हे मूल जाणार नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तसं न्हाई, बाई. तिघांची बी तोंडं मी बघितली. आधाशावानी बघितली. म्हनून गेली."

मी म्हटलं, "बरं, आता जोर कर."

मूल झालं. मुलगी. रंगानं तांबूस, आवाज खणखणीत. मी नियमाप्रमाणे तिला शालनसमोर धरलं. "डोळे उघडून बघ. काय झालं ते तोंडानं सांग."

शालननं मान भिंतीकडे फिरवली. डोळे आधीपेक्षा गच्च.

मी पुन्हा म्हटलं, तिसऱ्यांदा ओरडून म्हटलं. माझा आवाज कसा आहे ते वाईत अजून सगळ्यांना माहीत आहे. पण ती काही बोलली नाही. मुलगी झाली असेल या भीतीनं बघत नाही, असं मी धरून चालले. असल्या बायका मला रोज भेटत होत्या. आया सोनाबाई म्हणाली, "ऱ्हाऊ द्या सिस्टर, दमलीया. मागनं वदवू." शेजारच्या टेबलावर दुसरी बाई अडली होती. मी नाळ बांधली, बाळ टॉवेलात गुंडाळलं, आणि शालनला वॉर्डात खाटेवर पाठवलं. सोनाबाई तिच्यासाठी चहा आणायला गेली. सासू झाडाखाली भाकरी खायला बसली होती.

दुसऱ्या बाईचं आटोपून मी वॉर्डात आले तर खाट रिकामी. आई नाही, बाळ नाही. सोनाबाई कपबशी हातात घेऊन नुसती उभी. पहिला विचार आला मूल चोरीला गेल्याचा. मग मी खाली बघितलं. फरशीवर रक्ताचे थेंब होते. खाटेपासून दारापर्यंत, दारातून व्हरांड्यात. आधी सुटे सुटे, पुढे मोठे मोठे. नुकती बाळंत झालेली बाई चालत गेली होती.

मी त्या थेंबांमागे धावले. व्हरांडा, मग स्वयंपाकघराची मागची बाजू, तिथून कुंपणाकडे. तिथं रुग्णालयाचा उकिरडा होता. खरकटं, चुलीची राख, मोकाट गुरांचं शेण. भर दुपारची वेळ. उकिरड्याभोवती रोग्यांचे नातेवाईक जमले होते, डबे घेऊन आलेले, शहरातले, चांगले इस्त्रीच्या कपड्यांतले. आणि मधोमध, राखेत आणि शेणात, माझा टॉवेल. टॉवेलात मूल रडत होतं.

कुणीही हात लावत नव्हतं.

"पोरगीच असणार," एक जण म्हणाला.

"लग्नाआधीचं असेल. टाकून पळाली."

"हात लावू नका, पोलीस येऊ देत. उगाच आपल्या गळ्यात यायचं."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. त्यात दोन-तीन लेकुरवाळ्या बाया होत्या. त्याही पदर तोंडाला लावून उभ्या. आणि त्यांच्या पलीकडे कुंपणाच्या भिंतीला कपाळ टेकून, सगळ्यांकडे पाठ करून शालन उभी होती. पाय घोट्यापर्यंत लाल झाले होते. तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. माझी चाहूल लागली तशी मागं न बघता तिनं विचारलं, "उचललं का वं कुनी?"

मी टॉवेलाकडे वळले.

"लय येळ झाला," ती म्हणाली. "आमच्या गावात लगीच उचलत्यात. हितं कुनीच उचलंना. बाई, उचला की."

मी गर्दीत घुसले आणि मूल उचललं. नाळेवरचा कपडा सुटला होता. बेंबीपाशी राख लागली होती, आणि राखेखाली ओलं शेण. तीन मुलं ज्या घाणीनं गेली, त्याच घाणीत आईनं चौथं स्वतःच्या हातानं नेऊन ठेवलं होतं, ते जगावं म्हणून. मी त्या जमलेल्या लोकांना काय काय बोलले ते इथं छापण्यासारखं नाही. एवढ्यात मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. शालन भिंतीवरून घसरून खाली बसली होती.

पुढचा वेळ मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतो. स्ट्रेचर. डॉक्टरीणबाई पोटावर मूठ दाबून गर्भाशय आवळत होत्या, इंजेक्शन, सलाईन, पुन्हा इंजेक्शन. इकडे मी बाळाची बेंबी स्पिरिटनं पुसत होते. बाळाला धनुर्वातावरचं इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सिस्टर, आपण करायचं ते केलं. आता आठवडाभर वाट बघायची." रक्त थांबलं तसं शालननं ती उजवी मूठ माझ्यापुढे केली आणि उघडली. पुरचुंडीत अंगारा नव्हता. मूठभर कोंडा होता.

"घ्या, बाई. तुमी उचललं, आता त्ये तुमचं झालं. कोंडा घ्या आन् मला इकत द्या."

मी सोनाबाईकडे बघितलं. तिनं हळू आवाजात सांगितलं. ज्या बाईची मुलं जगत नाहीत, तिचं मूल उकिरड्यावर टाकतात. आईनं तोंड बघायचं नाही. दुसऱ्या बाईनं ते उचलायचं, म्हणजे ते तिचं झालं, आणि आईनं तिच्याकडून कोंड्याच्या मोलानं विकत घ्यायचं. केराचं, विकतचं पोर म्हटल्यावर सटवाई त्याच्याकडे फिरकत नाही. गावात उकिरड्यापाशी उचलायला शेजारीण तयारच उभी असते. कोंडीबा, केरू ही नावं मी लहानपणापासून ऐकत आले होते. ती कुठून आली असतील असा विचार कधी केला नव्हता. शालननं मात्र धरून चाललं होतं, की उकिरड्यावर मूल दिसलं म्हणजे कुठल्याही बाईला कळणारच, आणि कुणीही उचलणारच.

माझं डोकं फिरलं होतं. "हे काय दुकान आहे?" मी म्हटलं. "मूल तुझं आहे. मुकाट्यानं दूध पाज."

"दुसऱ्याच्या पोराला इचारल्याबिगर कसं पाजू?" तिनं तोंड भिंतीकडे केलं.

मी रागावले, डॉक्टरीणबाई रागावल्या, सोनाबाईनं पाया पडून बघितलं. ती रक्त गेल्यानं पांढरीफटक पडलेली, उठायचं बळ नाही, पण ऐकेना. बाळ भुकेनं रडून रडून आवाज बसवून घेत होतं. मी चमच्यानं साखरेचं पाणी पाजत बसले, आणि पाजता पाजता माझ्या लक्षात आलं. मी कोंडा घेतला तर मूल शालनचं. मग तिला घरी न्यायची घाई, घरी सासू, आणि सासूच्या हातात राख. आणि नाही घेतला तर? तर मूल माझं.

मी तिच्या खाटेपाशी गेले. "शालन, मूल माझं आहे ना?"

"व्हय."

"विकायचं कधी ते मी ठरवणार. बेंबी सुकून मला पटेपर्यंत विकणार नाही. तोवर दोघींनी इथंच राहायचं. माझ्या परवानगीशिवाय त्याच्या अंगाला कुणी काही लावायचं नाही. आणि तोवर माझ्या मुलाला तू दूध पाजायचंस. मी तुला सांगतेय, मूल माझं आहे म्हणून."

तिनं भिंतीकडे तोंड ठेवूनच हात मागं पसरला, आणि मी बाळ तिच्या कुशीत दिलं. डॉक्टरीणबाई दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "सिस्टर, तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं, "इंजेक्शन तुमचं, औषध माझं." त्या हसल्या आणि निघून गेल्या.

मग ते दिवस सुरू झाले. शालन पाजायची ती डोळ्यांवर पदर ओढून. बाळ स्तन शोधताना चुकलं तर बोटांनी चाचपून लावायची, पण बघायची नाही. मी ड्यूटी असो नसो, दर पाजण्याला जाऊन बाळाचं तोंड नीट उघडतंय का ते बघायची. धनुर्वात आधी जबड्याला धरतो. घरी जेवायला बसले की त्या उकिरड्यावरचं शेण डोळ्यांपुढे यायचं आणि मी ताटावरून उठायची.

पहिल्याच संध्याकाळी गावी परतलेली सासू पाचवीच्या दिवशी पुन्हा आली. सटवाईच्या पूजेचं सामान, नवं फडकं, आणि एका कागदात शेणाची राख. मी दारातच आडवी आले.

"आवं बाई, आमची रीत हाय," ती म्हणाली.

"तुमच्या रीतीनंच बोलते. उचललं कुणी? मी. अजून विकलंय का? नाही. मग मूल कुणाचं? पूजा करा, खुशाल करा. बेंबीला हात लावायचा नाही."

म्हातारी स्वतःच्याच कायद्यात सापडली होती. चिडून म्हणाली, "पोरीच्या जातीसाठी येवडं नाटक?"

खाटेवरून शालनचा आवाज आला. "पोरगी हाय व्हय?"

तेव्हा मला समजलं, की तिला माहीतच नव्हतं. वॉर्डात आम्ही सगळे 'बाळ, बाळ' म्हणत होतो. तिनं काय आहे ते न विचारता, न बघता एवढं केलं होतं. मी मात्र ती मुलीला भिऊन बघत नाही असं समजून बसले होते.

"पोरगी हाय," सासू म्हणाली.

"मग टिकंल," शालन म्हणाली. "पोरी चिवट असत्यात."

सासू राखेचा कागद हातात घेऊन उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "म्या बी चार पुरली, बाई. माझ्या सासूनं पाच. मला वाटायचं, समद्यांचीच जात्यात." ते ती इतक्या सहज बोलली, पाऊस कमी झाला म्हणावं तशी, की माझा सगळा राग जागच्या जागी निवला आणि त्या ठिकाणी भीतीच उरली. एका घरात तीन पिढ्या एकाच विळ्यानं मुलं जात होती. तिनं तो कागद तसाच कनवटीला खोचला आणि पूजा करून गेली.

दोन दिवसांनी सकाळी सोनाबाई मला बोलवायला घरी आली. "सिस्टर, पोर दूद घेईना." मी चप्पल न घालता आले. शालन बसली होती, डोळ्यांवर पदर ओढून. हे तिनं तीनदा पाहिलेलं होतं. मी हात धुतले आणि करंगळी बाळाच्या ओठांत सरकवली. जबडा धरला असेल तर बोट आत जात नाही. माझं बोट आत गेलं. आणि पुढच्या क्षणी पोरीनं ते असं काही चोखायला घेतलं की मला सोडवेना. नाक चोंदलं होतं, बाकी काही नाही. श्वास घ्यायचा की दूध, या पेचात पडली होती. मी तिथंच जमिनीवर बसले आणि रडले. वॉर्डातल्या बायांनी मला रडताना पाहिलं तेवढंच.

बेंबी पडून, सुकून, डॉक्टरीणबाईंनी घरी सोडायचं म्हटलं, तरी मी आणखी थोडे दिवस लांबवले. सावधगिरी म्हणून, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं सांगायचं तर मला विकवत नव्हती. शेवटी एका सकाळी शालन नीट लुगडं नेसून खाटेवर बसली, डोळे मिटून, आणि तिनं पुरचुंडी पुढं केली.

"आता द्या, बाई. लय दिस तुमची झाली."

मी ओंजळ पुढं केली. तिनं कोंडा माझ्या हातात ओतला. सोनाबाई म्हणाली, "सिस्टर, 'दिली' म्हना." कसंबसं म्हटलं, आणि मुलगी तिच्यासमोर धरली. पण हातातून सोडली नाही. आमचा नियम अजून पुरा झाला नव्हता.

"शालन," मी म्हटलं, "डोळे उघडून बघ. आणि काय झालं ते तोंडानं सांग."

तिनं हळूहळू डोळे उघडले. कितीतरी वेळ नुसती बघत राहिली, कपाळ, नाक, हनुवटी, एकेक करून. पोरगी तिच्याकडे टकमका बघत होती.

"पोरगी झाली, बाई," ती म्हणाली. "मला पोरगी झाली."

सोनाबाईनं ते ऐकलं. मग मी हात सोडले.